एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची का? आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय दुरुस्त होतं ते बघा

नवीन गाडी घेताना शोरूममध्ये पैसे भरायचं शेवटचं टेबल असतंय ना, तिथं हे एक्स्टेंडेड वॉरंटीचं, म्हणजे मूळ वॉरंटी संपल्यावरच्या वर्षांसाठी पैसे देऊन घ्यायच्या जादा वॉरंटीचं, प्रकरण निघतंय. गाडीला हार घातलेला, पेढ्याचा बॉक्स कुणाच्या तरी हातात, आई नारळ घेऊन उभी, अंबाबाईला जाऊन यायचं म्हणून घरातली सगळी घाईत, आणि तेवढ्यात पोरगं एक कागद पुढं सरकवतंय, "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकूया ना, सगळेच घेतात." दहा लाख मोजून बसलेल्या माणसाला त्या वेळेला पंधरा-वीस हजार म्हणजे चिल्लर वाटतेय. मी पण पहिल्या गाडीला अशीच घेतली होती. साधी पेट्रोल, मॅन्युअल, खालून दुसरं मॉडेल. दोन वर्षाच्या जादा वॉरंटीत क्लेम किती झाले, तर शून्य. मधी एकदा क्लच गेला तेव्हा रुबाबात वॉरंटीचा कागद घेऊन गेलो, तर ॲडव्हायझरनं कागद उलटा केला आणि मागचं बारीक अक्षर दाखवलं, क्लच प्लेट बसत नाही ह्यात. विकताना "सगळं कव्हर आहे सर" म्हणणारा पोरगा तोपर्यंत दुसऱ्या शोरूमला गेला होता.

आणि बरोबर उलटं माझ्या मेहुण्याचं. त्याची ऑटोमॅटिक, टॉप मॉडेल. चौथ्या वर्षी गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं, गाडी कागलजवळ हायवेला बंद पडली, टो करून आणली, इस्टिमेट लाखाच्या जवळ. त्यानं जादा वॉरंटी घेतलेली, पार्ट यायला पंधरा दिवस लागले पण खिशातनं काही गेलं नाही. आता तो सगळ्यांना सांगत सुटलाय घ्याच म्हणून, आणि मी सांगत होतो घेऊ नका म्हणून. दिवाळीत जेवताना ह्याच्यावरनं वाद झाला, तांबडा-पांढरा गार झाला पण निकाल लागला नाही. नंतर शांत डोक्यानं विचार केल्यावर कळलं की दोघंही आपापल्या गाडीबद्दल बरोबर होतो. तेव्हापासनं कुणी विचारलं की मी जे सांगतो तेच इथं लिहितोय.

पहिली गोष्ट, त्या टेबलावर ठरवू नका. बहुतेक कंपन्यांची एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आधी कधीपण घेता येते. उशीर केला की रेट वाढतो हे खरं, पण तो टप्प्याटप्प्यानं वाढतो, आज नाही घेतली म्हणून उद्या दुप्पट होत नाही. एवढंच विचारायचं, "आज किती, एका वर्षानं किती, तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला किती, हे लिहून द्या." चांगला सेल्समन असला तर लगेच व्हॉट्सॲपवर टाकतो. जो "ऑफर आजच आहे" एवढंच धरून बसतो त्याच्याकडनं तर अजिबात घाईत घेऊ नका. कधीकधी उशिरा घेताना गाडीची तपासणी करतात, गाडी नीट ठेवली असंल तर त्याला घाबरायचं काही कारण नाही.

आता मुळात तुमच्याकडं आधीपासनं काय आहे ते बघा, कारण लै लोकांना हेच माहीत नसतंय. मारुतीची पूर्वी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर असायची, जुलै २०२४ पासनं ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली. बाकी बऱ्याच कंपन्यांची पण ३ वर्षं, एक लाखाच्या आसपासच आहे, काहींना किलोमीटरची अटच नाही. इलेक्ट्रिक गाडी असंल तर मोठ्या बॅटरीची वॉरंटी वेगळी असते, बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. म्हणजे ईव्हीवाल्याला सगळ्यात महागड्या वस्तूचं टेन्शन आधीच कमी झालेलं असतंय, त्यानं एक्स्टेंडेड घेताना ती मोटर, चार्जर, कंट्रोलर ह्यांना धरून आहे का एवढंच बघायचं.

ह्यातनं एक साधी गोष्ट निघते. आज भरलेले पैसे चौथ्या-पाचव्या वर्षासाठी आहेत. पहिली तीन वर्षं तो कागद नुसता ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून असणार. आणि बरीच जण ते पैसे कर्जातच घालून घेतात, "ईएमआयला दोन-अडीचशे रुपयेच वाढतात सर." १५,००० रुपये ९ टक्क्यानं ७ वर्षाच्या कर्जात घातले तर महिन्याला साधारण २४१ रुपये होतात, आणि ८४ हप्त्यांत मिळून २०,२७० च्या घरात जातात. म्हणजे पाच हजार रुपये व्याज, आणि त्यातली पहिली तीन वर्षं तर अजून सुरू पण न झालेल्या वॉरंटीसाठी भरायची. वॉरंटी संपली तरी दोन वर्षं तिचा हप्ता चालूच! घ्यायचीच असली तर रोख घ्या, कर्जात नको.

दुसरं म्हणजे तुमचं रनिंग. वॉरंटीवर वर्षं आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेलं असतंय आणि जे आधी संपेल ते धरतात, ही ओळ सगळे वाचतात पण हिशेब कोण करत नाही. समजा तुम्ही दर आठवड्याला पुणे करताय. कोल्हापूर-पुणे २३० धरलं तर जाऊन येऊन ४६०, वर्षाला ५० आठवडे म्हणजे २३,००० आणि गावातलं ५,००० धरा, झालं २८,०००. आता तुम्हाला ५ वर्षं किंवा १ लाख २० हजारवाली एक्स्टेंडेड वॉरंटी विकली, तर ती सव्वाचार वर्षातच संपली. पैसे दोन वर्षांचे दिले, मिळालं सव्वा वर्ष. अशा माणसानं किलोमीटरची मोठी मर्यादा असलेला किंवा मर्यादाच नसलेला प्लॅन मिळत असंल तर तोच बघायचा, नाहीतर सोडून द्यायचं.

उलट राजारामपुरीतनं कॉलेजला आणि शनिवार-रविवार फार तर जोतिबा-पन्हाळा, असं रनिंग असलेल्यांची गाडी वर्षाला पाच-सहा हजार चालते. पाच वर्षानी तीस हजार. ह्यांना वर्षं पूर्ण मिळतात, पण मेकॅनिकल काही झिजतच नाही. ह्यांच्या गाडीत बिघडतं ते वयानं बिघडतं, म्हणजे बॅटरी, रबर, टायर कडक होणं, आणि नेमकं हे वॉरंटीत नसतंय. हां, एसीचा गॅस लीक, स्क्रीन, सेन्सर ह्या गोष्टी कमी चालणाऱ्या गाडीत पण जातात. आणि ह्या कमी चालवणाऱ्यांची अजून एक गंमत, सर्व्हिस १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं असतंय, ही मंडळी म्हणतात "अजून सहाच हजार झालेत, कशाला सर्व्हिस", आणि वर्ष उलटून जातं. मग क्लेमच्या वेळी सर्व्हिस हिस्ट्रीत भोक दिसतंय आणि वॉरंटीवाले तेवढ्यावर बोट ठेवतात.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आपण कोल्हापुरात राहतो. आपल्याकडं शिवाजी उद्यमनगर आहे. ऑइल इंजिनापासनं हे गाव लोखंडाशी खेळत आलंय, फाउंड्री आहेत, लेथ आहेत, बोरिंगवाले, क्रँक ग्राइंडिंगवाले, हेड फेसिंगवाले, रेडिएटरवाले, सेल्फ-अल्टरनेटरवाले, सगळे चालत जायच्या अंतरावर. जे दुसऱ्या गावात "पार्ट बदला" म्हणून संपतं, ते आपल्याकडं बऱ्याचदा दुरुस्त होतंय. कंपनीत अल्टरनेटरचा आख्खा सेट बदलून बिल हातात देतील, इथं बेअरिंग-ब्रश बदलून संध्याकाळी गाडी घरी. सस्पेन्शनचा आवाज, व्हील बेअरिंग, सायलेन्सर, हेड गास्केट, ह्याच्यासाठी आपल्याला खरं तर कुणाच्या वॉरंटीची गरज नाही, चांगला मेस्त्री पाहिजे आणि तो इथं मिळतोय.

पण त्याच मेस्त्रीला जाऊन विचारा, मामा, ह्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला तर? इलेक्ट्रिक स्टीअरिंग जड झालं तर? ऑटोमॅटिकचं ते कंट्रोल युनिट? समोरची दहा इंची स्क्रीन काळी पडली तर? तो हात पुसत सांगंल, "ते कंपनीतच घेऊन जावा साहेब." काही पोरं आता ईसीयू, क्लस्टर पण उघडायला लागलीत, चांगलं काम पण करतात, पण सगळ्या गाड्यांचं होत नाही, आणि एअरबॅगच्या लाइटीवर तर कुणी हात घालू पण नये.

म्हणून माझा नियम असा झालाय की जे उद्यमनगरात होतंय त्याच्यासाठी वॉरंटीला पैसे द्यायचे नाहीत, जे होत नाही त्याच्यासाठीच द्यायचे. एक वही घ्या नाहीतर फोनवर लिहा, तुमच्या गाडीत, तुमच्याच मॉडेलमध्ये, इथं दुरुस्त न होणारं काय काय आहे. ऑटोमॅटिक आहे का, असली तर कुठली, एएमटी, सीव्हीटी, डीसीटी का साधी टॉर्क कन्व्हर्टर (हे सगळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे प्रकार). टर्बो आहे का. पॅनोरमिक सनरूफ, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक, पुढचा रडार-कॅमेरा, डिजिटल मीटर, मोठी स्क्रीन, इलेक्ट्रिक सीट. हायब्रिड असंल तर त्याचा इन्व्हर्टर. डिझेल असंल तर कॉमन रेलचे इंजेक्टर, आणि १ एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ (प्रदूषणाचा नियम) असल्यामुळं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, काहींना युरियाची टाकी पण. यादी दोन-तीन ओळीत संपली तर तुमची गाडी साधी आहे, वॉरंटी सोडली तरी फार बिघडणार नाही. पान भरलं तर विचार करा. एकाच गाडीच्या बेस मॉडेलला "नको" आणि टॉप मॉडेलला "घ्या" असं उत्तर येऊ शकतंय, त्यात काही विचित्र नाही. लोक विचारतात "अमुक गाडीला घ्यावी का", तर गाडीचं नाव सांगून उपयोग नाही, मॉडेल सांगा.

यादी झाली की सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरला जावा. सेल्सवाल्याकडं नाही, पार्टवाल्याकडं. तुमच्या यादीतले पाच महागडे पार्ट सांगा आणि लेबर धरून रेट विचारा. एसी कॉम्प्रेसर, स्टीअरिंगचा सेट, स्क्रीन, गिअरबॉक्सचा ॲक्च्युएटर (गिअर-क्लच आपोआप हलवणारा भाग) नाहीतर कंट्रोल युनिट, टर्बो. थोडं नाक मुरडतील, "गाडी आणलाय का" म्हणतील, पण सांगतात. ह्यातला एक जरी पार्ट गेला तर वॉरंटीचे पैसे वसूल होतात का, आणि त्याच्यापेक्षा महत्त्वाचं, ते बिल एकदम आलं तर तुम्ही झेपवू शकाल का. ज्याला साठ हजाराचं बिल आलं तर पोराच्या फीमधनं काढायला लागणार, त्यानं घ्यावी. ज्याचं भिशीत, एफडीत पडलेलं असतंय, त्यानं तेच पंधरा हजार वेगळे टाकून ठेवले तरी चालतंय, काही झालं नाही तर पैसे आपलेच.

पण वॉरंटीची किंमत म्हणजे नुसते ते पंधरा हजार नव्हेत, इथं बरेच जण फसतात. वॉरंटी चालू ठेवायची तर सर्व्हिस कंपनीच्याच सेंटरला करायला लागते. तीन वर्षानंतर तुम्ही बाहेर चांगल्या मेस्त्रीकडं जाणार असाल, तर कंपनीतली सर्व्हिस आणि बाहेरची ह्यातला फरक पण वॉरंटीच्या खात्यावरच धरा. समजा वर्षाला चार हजाराचा फरक पडतोय, दोन वर्षाचे आठ हजार, म्हणजे वॉरंटी पंधराला नाही तर तेवीसला पडली. ज्याला तसंही कंपनीतच सर्व्हिस करायची सवय आहे त्याला हा फरक लागू नाही. जाता जाता सांगतो, "बाहेर एकदा जरी हात लावला तर सगळी वॉरंटी रद्द" हे सरसकट म्हणणं भारतीय स्पर्धा आयोगाला, म्हणजे बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या सरकारी संस्थेला, पण पटलं नव्हतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटीच्या वर दंड लावला होता, स्पेअर पार्ट आणि बाहेरच्या गॅरेजच्या मुद्द्यावरनं, पुढं अपिलं झाली ती वेगळी गोष्ट. पण एक्स्टेंडेड वॉरंटी हा तुम्ही सही केलेला वेगळा करार आहे, त्यात काय लिहिलंय तेच तुमच्या तोंडावर मारणार, म्हणून भांडायची तयारी नसंल तर ऑइल पण तिथंच बदला आणि प्रत्येक बिल जपून ठेवा.

आता त्या बारीक अक्षराबद्दल. पैसे भरायच्या आधी पुस्तिका मागा, माहितीपत्रक नाही, नियम-अटीवाली पुस्तिका. आणि वाचायला सुरुवात "काय मिळतंय" ह्या पानापासनं करू नका, "काय मिळत नाही" ह्या पानापासनं करा. क्लच, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, टायर, बारा व्होल्टची बॅटरी, बेल्ट, फिल्टर, ऑइल, रबर बुश, हे बहुतेक ठिकाणी बाहेरच असतंय. झीज म्हणून सगळं त्यात ढकलता येतं. एएमटीवाल्यांनी खास बघायचं, ॲक्च्युएटर कव्हर असतो पण क्लच नसतो, आणि एएमटीचा क्लच कोण खातंय हे आपल्या भाऊसिंगजी रोडच्या ट्रॅफिकला विचारा. ड्राय क्लचवाली डीसीटी असंल आणि गगनबावडा, आंबोली, आंबा घाट असं नेहमीचं जाणं असंल तर तिचा क्लच सेट झिजेत धरतात का कव्हरमध्ये ते नाव घेऊन विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "होतंय की सर" ह्याला काडीची किंमत नाही. "ह्या बिघाडामुळं झालेलं पुढचं नुकसान" कव्हर आहे का हे पण बघा, कारण वीस रुपयाची ओ-रिंग (रबराची कडी) कव्हर नाही आणि तिच्यामुळं इंजिन गेलं तर मोठा वाद तिथंच होतोय.

आपल्याकडचे दोन विषय वेगळे सांगायला पाहिजेत. पहिला, पूर. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्यात गेला, कितीतरी गाड्या पार्किंगमध्ये बुडाल्या. ह्यातला एक रुपया कुठली वॉरंटी देत नाही, साधी पण नाही आणि एक्स्टेंडेड पण नाही. वॉरंटी कंपनीच्या चुकीसाठी असते, पाण्यासाठी इन्शुरन्स असतो. आणि इन्शुरन्समध्ये पण पूर असला तरी पाण्यात गाडी चालू करून इंजिन लॉक झालं तर साध्या पॉलिसीत ते नाकारतात, त्याच्यासाठी इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन लागतो. जुना बुधवार, शुक्रवार पेठ, दुधाळी, शाहूपुरीचा नाल्याकडचा भाग, बापट कॅम्प, तुमची गाडी असल्या ठिकाणी उभी असंल आणि बजेट एकाच गोष्टीचं असंल, तर डोळे झाकून आधी इंजिन प्रोटेक्ट घ्या, वॉरंटीचं नंतर बघू. आणि पाण्यात बुडालेल्या गाडीला किल्ली मारायची नाही, टो करायची, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः उत्साही काकांना.

दुसरा विषय उंदीर. शेताकडंला, उसाच्या बाजूला, नवीन कॉलनीत गाडी लावणाऱ्यांना विचारा, तोडणी सुरू झाली की उंदरं बॉनेटमध्ये येऊन बसतात आणि वायरिंग खातात. आख्ख्या वायरिंग हार्नेसचं बिल बघून माणूस खाली बसतोय. हे पण वॉरंटीत नाही. तसंच बाहेरनं लावलेले फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, बाहेरची सीएनजी किट, वायर कापून बसवलेला कॅमेरा. नुसता कपलर (तयार प्लग) लावून केलेलं काम वेगळं आणि वायर सोलून टेप मारलेलं काम वेगळं, दुसऱ्यात सगळ्या इलेक्ट्रिकच्या क्लेमवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

कागदावर नाव कुणाचं आहे ते बघायला विसरू नका. शोरूम कंपनीचं, गाडी कंपनीची, पण वॉरंटीच्या सर्टिफिकेटवर भलत्याच कुठल्यातरी संस्थेचं नाव असतंय असं पण होतं. गाडीच्या कंपनीची स्वतःची असली तर साधारणपणे देशात कुठल्याही अधिकृत सेंटरला चालते, आणि आपल्याला ते महत्त्वाचं आहे, कारण आपली गाडी आज इचलकरंजी, उद्या बेळगाव, परवा गोवा. बाहेरच्या कंपनीची असली तर चार गोष्टी लिहून घ्या, कुठं कुठं चालते, एका क्लेमला जास्तीत जास्त किती देतात, एकूण किती, आणि जुना पार्ट म्हणून घसारा कापतात का. सेकंडहँड गाडीबरोबर जी वॉरंटी देतात ती तर बऱ्याचदा नुसती इंजिन आणि गिअरबॉक्सची असते, म्हणजे नेमकं जे उद्यमनगरात होतंय तेच. हसू नका, खरंय.

तर घ्यायची असली तर कधी घ्यायची? माझं मत, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी ह्याच्या रेटमध्ये फार फरक नसंल तर दोन वर्षं नऊ महिन्यापर्यंत थांबा. फोनला रिमाइंडर लावा, कारण मुदत एक दिवस जरी गेली तरी विषय संपू शकतो. तोपर्यंत गाडीचा स्वभाव कळलेला असतो. तीन वर्षात एकदा पण कंपनीत तक्रार घेऊन गेला नसाल तर एक गोष्ट, आणि स्टीअरिंगचा आवाज दोनदा, एसी एकदा, स्क्रीन हँग महिन्याला, असली गाडी असंल तर दुसरी. शिवाय शेवटच्या दोन महिन्यात गाडी नेऊन सगळ्या बारीकसारीक तक्रारी जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर, लिहूनच घ्या. तोंडी सांगायचं नाही, लिहायला लावायचं, "थंड इंजिनला डावीकडनं टकटक", असं, तारीख आणि किलोमीटरसकट. मूळ वॉरंटीत लिहिलेली तक्रार नंतर वाढली तर तुमच्या हातात पुरावा असतोय, भले एक्स्टेंडेड घेतली असो वा नसो. पण रेटचा फरक दीडपट-दुप्पट दिसला आणि तुमची यादी पान भरून असली, तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही, सुरुवातीलाच घेऊन टाका, रोखीत.

गाडी तीन-चार वर्षात विकायची सवय असणाऱ्यांना वेगळा हिशेब. वॉरंटी पुढच्या मालकाच्या नावावर करता येते का आणि फी किती ते विचारा, बऱ्याच ठिकाणी होते. घेणारा तेवढेच पैसे जादा देणार नाही, पण ऑटोमॅटिक किंवा टर्बो गाडी असंल तर वॉरंटी शिल्लक आहे म्हटल्यावर सौदा लवकर होतोय. पण फक्त विकताना बरं पडंल म्हणून वॉरंटी घेणं म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर बसवणं झालं.

घासाघीस करा, लाजू नका. ही अशी वस्तू आहे ज्यात शोरूमला कमिशन असतंय, म्हणजे जागा आहे. महिनाअखेरीला, मार्चमध्ये, नाहीतर जुन्या वर्षाचा स्टॉक डिसेंबरात काढायचा असतोय तेव्हा जागा जास्त. पाडवा-दसऱ्याच्या डिलिव्हरीला मात्र काही सुटत नाही, तेव्हा त्यांच्याकडं रांग असते. कोटेशनमध्ये आधीच घालून ठेवली असंल तर काढायला लावा, सक्तीची नाही ती, आणि तिच्याशिवाय कर्ज होणार नाही, गाडी मिळणार नाही असं म्हणाले तर ते लिहून मागा, लगेच सूर बदलतो. बिल वेगळं घ्या, सर्टिफिकेटवर चासी नंबर, सुरू आणि संपायची तारीख, किलोमीटर, सगळं तिथंच उभं राहून तपासा. पुढं क्लेम विनाकारण नाकारला तर आधी नाकारल्याचं कारण लेखी मागायचं, मग कंपनीच्या मुख्य ऑफिसला ईमेल, आणि त्यानं नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, त्याच्यापुढं आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. पाच लाखापर्यंतच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही, आणि तिथं तुमची जॉबकार्ड आणि बिलंच बोलतात.

माझ्या आताच्या गाडीला येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतायत. टर्बो पेट्रोल आहे, पण गिअर हाताचे, सनरूफ नाही, स्क्रीन मधली, रनिंग वर्षाला बारा हजार. यादी केली तर टर्बो, स्टीअरिंग, स्क्रीन आणि एसी, चार ओळी. मेहुणा म्हणतोय दोन वर्षांची घे, बायको म्हणतेय मागच्या वेळी काय दिवे लावलात. पार्ट काउंटरला जाऊन टर्बोचा रेट विचारून आलोय आणि नुसतं एकाच वर्षाचं घ्यायचं ठरवलंय, रोखीत, जानेवारीत. तेवढ्यात त्या डाव्या बाजूच्या टकटकीचं जॉबकार्ड करायचं राहिलंय, ते ह्या शनिवारी.